सामूहिक वनसंसाधन हक्काचा दावा आणि त्यानंतरचे व्यवस्थापन: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सामूहिक वनसंसाधनाच्या, म्हणजे गावाची परंपरेने वहिवाट असलेल्या जंगलाच्या, परत आलेल्या दाव्यांच्या फायली उघडून पाहिल्या की पुरावे बहुतेक वेळा पुरेसे असतात. मात्र नकाशा तयार होण्याआधीच ठराव झालेला असतो, पंचनाम्यावर वनरक्षकाची सही नसते आणि त्याला नोटीस दिल्याची पोचही नसते, शेजारच्या गावाशी शिवेबद्दल बोलणेच झालेले नसते. अशा फायलीतील एक कागद दुरुस्त करून भागत नाही, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच्यावर उभा असतो. म्हणून महाराष्ट्रातील ग्रामसभांसाठी 2006 च्या वनहक्क मान्यता अधिनियमानुसार आणि 2008 च्या नियमांनुसार (2012 च्या सुधारणांसह) करावयाचे काम येथे ज्या क्रमाने करायला हवे त्याच क्रमाने मांडले आहे. दावा दाखल करण्याची मुदत संपली असे अनेक गावांत सांगितले जाते. कायद्यात अशी अखेरची तारीख नाही. ग्रामसभेने दावे मागवल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते आणि कारणे लेखी नोंदवून ग्रामसभा ती वाढवू शकते.

1. सुरुवातीला तीन गोष्टी निश्चित करा

पहिली गोष्ट म्हणजे कोणता हक्क मागायचा आहे. कायद्यात वनोपज गोळा करण्याचे, चराईचे, मासेमारीचे, निस्ताराचे (घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याचे) सामूहिक हक्क वेगळे आहेत आणि कलम 3(1)(आय) मधील जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क वेगळा आहे. दुसऱ्या हक्कासाठी स्वतंत्र नमुना आहे. अनेक गावांनी केवळ पहिल्या प्रकारचा नमुना भरला आणि पुढे जंगलात काय तोडायचे, काय राखायचे हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा हातातल्या कागदात व्यवस्थापनाचा शब्दच नाही हे त्यांच्या लक्षात आले. मराठी छापील प्रतींत नमुन्यांना अक्षरे एकाच पद्धतीने दिलेली नसतात, त्यामुळे अक्षरावर विसंबू नका. शीर्षकात ‘सामूहिक वनसंसाधन’ हे शब्द आहेत की नाहीत ते वाचा. दोन्ही नमुने भरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दावा कोणाचा. तो ग्रामसभेचा असतो. ग्रामपंचायतीचा नव्हे आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीचाही नव्हे. ती समिती शासन निर्णयाने, वन विभागाच्या कार्यक्रमातून तयार झालेली असते आणि तिचा ठराव येथे चालत नाही. गट ग्रामपंचायतीत पाच-सहा गावे असतील, तर ज्या गावाची किंवा पाड्याची वहिवाट त्या जंगलात आहे त्याच वस्तीची ग्रामसभा भरली पाहिजे. पाडा स्वतंत्र गाव म्हणून यादीत नसेल, तर ग्रामपंचायतीने त्याची नोंद करणारा ठराव करून तो उपविभागीय समितीकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील, दावे तपासणाऱ्या समितीकडे) पाठवणे हे पहिले काम ठरते.

तिसरी गोष्ट पात्रतेची. गावात सगळे आदिवासी नाहीत म्हणून दावा करता येणार नाही, हा समज चुकीचा आहे. मोजकी अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासींची कुटुंबे असली तरी सामूहिक वनसंसाधनाचा दावा करण्यास ते पुरेसे आहे, असे दाव्याच्या नमुन्यातच नमूद आहे.

2. ग्रामसभा आणि वनहक्क समिती

वनहक्काच्या ग्रामसभेला सर्व सदस्यांपैकी किमान निम्मे हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. समजा, गावात 240 प्रौढ सदस्य आहेत. तर 120 जणांची उपस्थिती आणि त्यांत किमान 40 महिला हव्यात. ही संख्या सभा सुरू होण्यापूर्वी मतदार यादी पुढे ठेवून मोजावी. दिवस निवडताना हंगाम पाहावा. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत सकाळची सभा लावली, तर नेमकी जंगलात जाणारी माणसे सभेत नसतात आणि मग गणपूर्तीसाठी घरोघर फिरून नंतर सह्या घेतल्या जातात. असे कधीही करू नका. एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली उपस्थिती पत्रके छाननीत लगेच डोळ्यांत भरतात.

याच सभेत वनहक्क समिती निवडायची असते. तिच्यात 10 ते 15 सदस्य असावेत, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे असावेत आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. गावात अनुसूचित जमातीची कुटुंबे नसतील, तरी महिलांचे प्रमाण तेच राहते. जुनी समिती 2012 पूर्वीची असेल तर तिची रचना आजच्या नियमात बसते का ते पाहावे, कारण त्यापूर्वी जमातीच्या सदस्यांचे प्रमाण एक तृतीयांश होते. समितीने अध्यक्ष व सचिव निवडून उपविभागीय समितीला लेखी कळवावे.

तपासणी: इतिवृत्तात तारीख, एकूण सदस्य, हजर सदस्य, हजर महिला, सूचक, अनुमोदक आणि ठरावाचा संपूर्ण मजकूर आहे का? ठराव मंजूर झाल्यावर तो सभेत मोठ्याने वाचून मगच सह्या व अंगठे घेतले का?

3. शीव ठरवणे आणि नकाशा

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. येथे घाई केलेली गावे पुढे वर्षभर थांबतात.

क्रम असा ठेवावा. आधी जमिनीवर नकाशा काढावा. मोकळ्या जागेत रांगोळीने गावठाण, नाले, डोंगर, वाटा आखाव्यात आणि देवस्थाने, पाणवठे, चराईच्या जागा दगड-पानांनी दाखवाव्यात. येथे म्हातारी माणसे, गुराखी आणि वनोपज गोळा करणाऱ्या महिला हव्यातच. पुरुष सहसा मोठ्या वाटा आणि डोंगरांची नावे सांगतात, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला रानभाजी कोणत्या उताराला मिळते, कंद कुठे खणले जातात, कोणता झरा उन्हाळ्यात टिकतो हे महिलांकडून येते. आणि हीच ठिकाणे पुढे वहिवाटीचा सर्वांत बळकट पुरावा ठरतात. हा नकाशा पुसण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावा आणि फोटो काढावा.

त्यानंतर वन विभागाचा कक्षनिहाय (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या भागांचा) नकाशा आणि महसुली नकाशा मागवावा. ग्रामसभेला नकाशे व मतदार याद्या पुरवणे हे उपविभागीय समितीचे काम आहे, म्हणून अर्ज तिच्याच नावे करावा आणि पोच घ्यावी. दोन्ही नकाशे मिळाले की कागदावरची शीव त्यांच्यावर बसवून कोणते कक्ष क्रमांक पूर्ण येतात आणि कोणते अंशतः येतात याची यादी करावी.

मगच शिवेवरून चालावे. प्रत्येक वळणावर जीपीएसची नोंद घ्यावी, तिथली खूण लिहावी (नाल्यांचा संगम, जुना बुरूज, शिवेचा दगड, विशिष्ट झाड) आणि फोटो काढावा. दाट झाडीखाली मोबाइलची नोंद बरीच सरकते, म्हणून एका जागी थोडा वेळ थांबून, आकडा स्थिर झाल्यावरच नोंदवावा. चालणाऱ्या गटात शेजारच्या गावांची माणसे असावीत. नंतर बोलावून समजूत काढण्यापेक्षा सोबत चालणे केव्हाही सोपे पडते.

नेहमीच्या चुका येथेच होतात. महसुली गावाची हद्द हीच वहिवाटीची शीव मानली जाते, वास्तविक कायदा पारंपरिक हद्दीबद्दल बोलतो आणि ती महसुली हद्दीच्या बाहेरही जाते. राखीव जंगल, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान आले की लोक आपणहून शीव अलीकडे घेतात; कायद्याच्या व्याख्येत या सर्व क्षेत्रांचा समावेश आहे, वहिवाट असली पाहिजे एवढेच. याउलट, मिळेल तेवढे मिळेल या हिशेबाने शेजारच्या गावाचे जंगल आत ओढणे हा दावा लांबवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

दोन गावांची वहिवाट एकाच जंगलात असेल तर तो भाग सामाईक म्हणून दाखवावा. वाद असल्यास दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष आपापल्या ग्रामसभांपुढे ठेवायचे असतात आणि तरीही तोडगा निघाला नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. नमुन्यात लगतच्या गावांची आणि वाटून घेतलेल्या संसाधनांची माहिती मागितलेली असते. तो रकाना रिकामा ठेवू नये.

सावधान: शेजारच्या गावाची संमती तोंडी असली तर ती नाहीच असे धरा. दोन ओळींचे का होईना, तारखेसह, दोन्ही समित्यांच्या सह्यांचे टिपण फायलीत हवे.

4. पुरावे

एकापेक्षा अधिक पुरावे द्यावे लागतात. दोन पुरेसे असले तरी चार-पाच वेगवेगळ्या प्रकारचे जोडणे शहाणपणाचे ठरते. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या हक्कांच्या व रूढींच्या जुन्या नोंदींना फार महत्त्व आहे. इतरत्र जुने गॅझेटियर, जनगणना, जमीन-महसूल बंदोबस्ताचे अहवाल, वन विभागाच्या कार्य आयोजनेतील (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यातील) उल्लेख शोधावेत. देवराई, स्मशानभूमी, दफनभूमी, जुन्या विहिरी, पडक्या घरांची जोती, माशांचे डोह, गुरांच्या बैठकीच्या जागा या प्रत्यक्ष खुणा तितक्याच ग्राह्य आहेत.

वृद्धांचे जबाब हा पुरावा हलका समजला जातो, कारण तो हलगर्जीपणे लिहिला जातो. “आम्ही पूर्वीपासून या जंगलावर अवलंबून आहोत” या एकाच वाक्याच्या पाच प्रती काढून पाच अंगठे घेण्यात काही अर्थ नाही. माणसाचे वय, लहानपणी तो गुरे कोणत्या नाल्याकडे नेत असे, हिरडा किंवा डिंक कुठून आणत असे, लग्नाच्या मांडवासाठी बांबू कुठून तोडला जाई, कोणत्या डोहात मासे धरत, अशा ठिकाणांच्या नावांसह जबाब लिहावा आणि ती नावे नकाशावरील नावांशी जुळतात का ते पाहावे. जंगलातील जागेचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे आले की तपासणारा अडखळतो.

अमुकच कागद आणा असा आग्रह समित्यांनी धरू नये आणि उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक असावे, त्यांची जागा घेणारे नव्हे, असे नियमांत आहे. कार्यालयात हे तोंडी सांगून वाद घालत बसण्याऐवजी लेखी उत्तरात नमूद करावे.

5. स्थळपाहणी

वनहक्क समितीने पाहणीची तारीख, वेळ आणि जमण्याचे ठिकाण लेखी कळवावे. पत्र वन व महसूल या दोन्ही विभागांना द्यावे आणि प्रत्येकाची पोच स्वतंत्र घ्यावी. पाहणीस हजर राहून पंचनाम्यावर नाव, पदनाम, तारीख आणि काही म्हणणे असल्यास त्यासह सही करणे ही अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. ते आले नाहीत तरी पाहणी थांबवू नये. पंचनाम्यात “कळवूनही अनुपस्थित” असे लिहून पत्राचा जावक क्रमांक द्यावा. पुढे त्याच अनुपस्थितीच्या कारणाने हरकत आली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो आणि दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. हे संरक्षण पोच जपून ठेवलेल्यांनाच मिळते.

मी पाहिलेल्या एका फायलीत सगळी पत्रे पाठवलेली होती, पण ती वनरक्षकाच्या हातात दिली गेली होती आणि कोणीही सही घेतली नव्हती. त्या गावाला सगळी पाहणी पुन्हा करावी लागली, तीही भर पावसाळ्यात.

6. अंतिम ग्रामसभा आणि दाखल करणे

नकाशा, पुरावे, पंचनामा आणि समितीचा अहवाल हे सर्व तयार झाल्यानंतरच दावा मंजूर करणारी ग्रामसभा घ्यावी. गणपूर्तीचे नियम तेच. नकाशा भिंतीवर लावून शीव खुणेगणिक वाचून दाखवावी, हरकती विचाराव्यात, आलेल्या हरकती आणि त्यांवरील निर्णय इतिवृत्तात घ्यावेत.

दाखल करताना संपूर्ण फायलीला पृष्ठक्रमांक घालावेत, अनुक्रमणिका जोडावी आणि तीन संच करावेत. एक उपविभागीय समितीकडे द्यावा, एक ग्रामसभेच्या कपाटात ठेवावा आणि तिसरा गावात पण दुसऱ्या घरी असावा. पोच अनुक्रमणिकेवरच घ्यावी, म्हणजे कोणती पाने दिली याचा वाद उरत नाही.

7. वरच्या समित्यांकडील पाठपुरावा

उपविभागीय समितीचे अध्यक्ष उपविभागीय अधिकारी असतात, तर जिल्हास्तरीय समितीचे जिल्हाधिकारी. आक्षेप असल्यास वरच्या समितीने दावा परस्पर नाकारायचा किंवा क्षेत्र कमी करायचे नसते. तो कारणांसह फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा असतो. म्हणून “त्रुटी आहेत” असे तोंडी सांगितले गेल्यास लेखी त्रुटीपत्र मागावे.

उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे 60 दिवसांत जाता येते. हे दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजले जातात, त्यामुळे निर्णयाची प्रत मिळताच तिच्यावर आवक तारीख टाकून त्याच आठवड्यात ग्रामसभा बोलवावी. अनुसूचित क्षेत्रातील गावांना 2020 पासून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडेही अपील करता येते.

8. हक्कपत्र स्वीकारण्यापूर्वी ते वाचा

हक्कपत्र वाटपाच्या कार्यक्रमात हार, फोटो आणि भाषणे यांच्या गडबडीत कागद न वाचताच घेतला जातो. मसुदा आधी मागावा, किमान मिळाल्याच्या दिवशी तरी पुढील बाबी पाहाव्यात.

- हक्कधारक म्हणून ग्रामसभेचे नाव आहे का? ग्रामपंचायत किंवा एखाद्या समितीचे नाव चालणार नाही.
- कलम 3(1)(आय) चा उल्लेख आणि संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन, व्यवस्थापन हे शब्द आहेत का?
- कक्ष क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा दाव्याशी जुळतात का?
- उपवनसंरक्षक, आदिवासी विकास विभागाचे जिल्ह्यातील अधिकारी आणि जिल्हाधिकारी अशा तिघांच्या सह्या आहेत का?
- कोणत्या अटी घातल्या आहेत का? विहित नमुन्यात असे वाक्य आहे की अधिनियम व नियमांतील अटींव्यतिरिक्त दुसरी कोणतीही अट नाही. “वन विभागाच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून” अशी ओळ आढळल्यास ती काढून घेण्यासाठी त्वरित लेखी अर्ज द्यावा.

हक्क मिळाल्यावर अंतिम नकाशा तयार होऊन महसूल व वन अभिलेखांत नोंद होणे आवश्यक आहे आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत आहे. ही नोंद मागितल्याशिवाय क्वचितच होते.

9. व्यवस्थापन समिती आणि आराखडा

येथे पुन्हा एक घोटाळा होतो. दावा तयार करणारी वनहक्क समिती आणि जंगल सांभाळणारी नियम 4(1)(ई) खालील समिती या वेगवेगळ्या आहेत. दुसरी ग्रामसभेने ठराव करून नव्याने नेमायची असते. आराखडा ही समिती तयार करते, ग्रामसभा मंजूर करते आणि मग तो वन विभागाच्या नियोजनाशी जोडला जातो.

आराखडा दहा पानांचा असला तरी चालतो, पण तो गावाच्या पायाखालच्या जंगलाचा असावा. बाहेरून लिहून घेतलेले जाडजूड आराखडे मी कपाटातच पडलेले पाहिले आहेत. सुरुवात मोजण्यापासून करावी. प्रत्येक कक्षात चार-पाच ठिकाणी दोरीने 10 मीटर बाय 10 मीटरचे चौकोन आखावेत, त्यांतील मोठी झाडे, मध्यम झाडे आणि रोपे वेगवेगळी मोजावीत. मोहाची मोठी झाडे भरपूर आणि रोप एकही नाही, असे चित्र दिसले तर तिथे चराई, आग किंवा दोन्ही रोपे जगू देत नाहीत. आणि पहिला नियम त्याच जागेसाठी करावा लागतो.

आग हा स्वतंत्र विषय धरावा. मोहफुले मोकळ्या जमिनीवर नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तीच आग वाऱ्याने पसरते. नुसती बंदी करून ही सवय जात नाही, कारण पाल्यात फुले शोधणे खरोखर कष्टाचे असते. झाडाखालची जागा झाडून घेणे, पाला गोलाकार बाजूला लावणे किंवा जाळी अंथरणे यांपैकी काय परवडते ते वेचणाऱ्या महिलांनाच ठरवू द्यावे आणि ज्या झाडाखाली ज्या कुटुंबाची वहिवाट आहे त्याच्यावर त्या झाडाची जबाबदारी ठेवावी. आगीचा हंगाम साधारण 15 फेब्रुवारीला सुरू होतो. जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) त्याआधी साफ झालेल्या असल्या पाहिजेत आणि गस्तीच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

बांबूत कोवळे आणि जुने यांचा भेद न करता रांजी (बांबूचे बेट) सरसकट तोडली जाते, ही मोठी चूक आहे. त्या वर्षाचे आणि मागील वर्षाचे बांबू राखावेत, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर पेराच्या वर स्वच्छ काप घ्यावा, पावसाळ्यात तोड बंद ठेवावी. तेंदूबाबत गावागणिक निर्णय वेगळा होऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने पानांसाठी होणारी फांद्यांची तोड आणि लावल्या जाणाऱ्या आगी पाहून तेंदू संकलनच बंद केले. तुमच्या गावात त्या उत्पन्नावर किती घरे अवलंबून आहेत हे मोजल्याशिवाय असा ठराव करू नये.

तपासणी: प्रत्येक नियमापुढे जागा, कालावधी, जबाबदार व्यक्ती आणि नियम मोडल्यास काय करायचे हे लिहिले आहे का? चारांपैकी एक रकानाही रिकामा असेल तर तो नियम अजून तयार झालेला नाही.

10. विक्री, वाहतूक परवाना आणि वह्या

बांबू आणि तेंदूपाने ही कायद्याच्या व्याख्येत गौण वनोपजच आहेत; इमारती लाकूड मात्र त्यात येत नाही. त्यामुळे आराखड्यात लाकूडतोडीचे उत्पन्न धरू नये. वाहतूक परवाना देण्याचा अधिकार 2012 च्या सुधारणेनंतर ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीकडे आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला हक्कपत्र 2009 मध्ये मिळाले, पण बांबूच्या परवान्याचे पुस्तक एप्रिल 2011 मध्ये हाती आले. आज तशी वाट पाहण्याचे कारण नाही. परवाना पुस्तकाला अनुक्रमांक असावेत, प्रत्येक परवान्याच्या प्रती असाव्यात आणि सहीचा नमुना वन परिक्षेत्र कार्यालयाला आधीच कळवलेला असावा, म्हणजे नाक्यावर गाडी अडत नाही.

व्यापाऱ्याशी लेखी करार झाल्याशिवाय आणि आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा झाल्याशिवाय संकलन सुरू करू नये. तेंदूच्या फडीवर (पाने मोजून घेण्याच्या जागी) रोजची नोंद पुडक्यांत ठेवावी. एका पुडक्यात 70 पाने आणि 1,000 पुडक्यांची एक मानक गोणी हे माप धरून संध्याकाळी मजूरनिहाय बेरीज मोठ्याने वाचावी; व्यापाऱ्याच्या माणसाची वही आणि ग्रामसभेची वही त्याच वेळी जुळवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी जुळवू म्हटले की फरक कोणाच्या बाजूने निघतो हे मजूर सांगतीलच.

उत्पन्नाचा विनियोग ग्रामसभेच्या ठरावानेच व्हावा. जमाखर्च दर तीन महिन्यांनी सभेत वाचावा आणि आखलेले चौकोन दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावेत. रोपांची संख्या घटलेली दिसली, तर पुढच्या हंगामाची तोड ठरवण्याआधी आराखड्यातील त्या कक्षाचा नियम बदलावा.